'कावळा' जर्मनांसाठी काढलेला नव्हता

आंरी-जॉर्ज क्लुझो या फ्रेंच दिग्दर्शकाच्या 'ल कोर्बो' (कावळा, १९४३) या थरारपटाबद्दल एक गोष्ट वर्षानुवर्षे सांगितली जाते: नाझींनी तो फ्रान्सची बदनामी करण्यासाठी बनवून घेतला आणि जर्मनीत मिरवला. जर्मन ताब्यातून फ्रान्सची मुक्ती झाल्यानंतर हाच आरोप क्लुझोच्या अंगाला चिकटला.

आरोपाचा अर्धा भाग खरा आहे. चित्रपटाची निर्मिती 'काँटिनेंटल फिल्म्स'ची, म्हणजे जर्मनांनी व्यापलेल्या पॅरिसमध्ये चालणाऱ्या जर्मन मालकीच्या कंपनीची. क्लुझो तिथे नोकरीला होता, हे पुसता येत नाही. पण जर्मनीत प्रचारपट म्हणून तो दाखवला गेल्याचा किस्सा खोटा आहे.

कथाही नाझींची नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास त्यूल या फ्रेंच गावात निनावी पत्रांनी हाहाकार माजवला होता. त्यावरून लुई शाव्हांसने युद्धापूर्वीच पटकथा लिहिली होती. शिवाय निनावी चुगल्यांवर फ्रान्स व्यापणाऱ्या जर्मन राजवटीची मोठी भिस्त होती. अशा चुगल्यांनी गाव कसं सडतं हे दाखवणारा चित्रपट जर्मनांना कसा सोयीचा असणार? क्लुझोचं काँटिनेंटलशी बिनसलं आणि त्याची तिथली नोकरी सुटली.

गंमत म्हणजे व्हिशीवाले (जर्मनांशी हातमिळवणी केलेल्या फ्रेंच सरकारचे लोक), चर्च आणि भूमिगत कम्युनिस्ट, एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे, या चित्रपटावर मात्र एकत्र तुटून पडले.

मुक्तीनंतर क्लुझोवर चित्रपट काढण्यास आजन्म बंदी आली, पुढे ती कमी झाली. १९४७ मध्ये तो परतला. १९५३ च्या त्याच्या 'भीतीचं वेतन' या चित्रपटाने कान आणि बर्लिन या दोन्ही चित्रपट महोत्सवांत सर्वोच्च पुरस्कार मिळवला.