फोन टॅपिंगची माहिती मागायची आहे? अर्ज असा करा

‘माझा फोन टॅप होतोय का?’ असा थेट प्रश्न माहिती अधिकारात विचारला, तर नकार ठरलेला. कलम ८(१)(क), म्हणजे देशाची सुरक्षा. दिल्ली उच्च न्यायालयानेही डिसेंबर २०२३ मध्ये अशी माहिती देण्याच्या विरोधात निकाल दिला. आकडे आणि कार्यपद्धती मागितली, तर मात्र वाव आहे. केंद्रीय गृह मंत्रालयानेच एका जुन्या अर्जाला उत्तर देताना, महिन्याला सरासरी ७,५०० ते ९,००० टॅपिंग आदेश निघतात, असे कळवले होते.

अर्ज कोणीही भारतीय नागरिक करू शकतो. कारण सांगावे लागत नाही. नाव आणि पत्ता पुरतो.

अर्ज कुठे द्यायचा, हे नीट समजून घ्या. टॅपिंगचा आदेश साधारणपणे गृह सचिव देतात: केंद्रात केंद्रीय गृह मंत्रालयाचे, राज्यात राज्याच्या गृह विभागाचे. आदेश आधी जास्तीत जास्त ६० दिवसांचा असतो. मुदतवाढ धरून १८० दिवसांपुढे जात नाही. हे आदेश तपासणारी आढावा समिती केंद्रात मंत्रिमंडळ सचिवांच्या, तर राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली असते. म्हणून अर्ज या विभागांच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे करा. आयबी, रॉ, सीबीआय यांच्याकडे पाठवू नका. कलम २४ नुसार या यंत्रणा माहिती अधिकार कायद्याबाहेर आहेत. अपवाद भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा.

महाराष्ट्रात अर्ज ‘जोडपत्र अ’ या ठरलेल्या नमुन्यात, एकाच विषयावर, १५० शब्दांत बसवायचा. दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प चिकटवा. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराने दाखल्याची प्रत जोडली की शुल्क माफ. ऑनलाइन पोर्टलही आहे. केंद्राच्या अर्जाला दहा रुपयेच, पण पोस्टल ऑर्डरने किंवा केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन.

मजकूर असा ठेवा: ‘गेल्या सहा महिन्यांत दरमहा किती टॅपिंग आदेश निघाले, आढावा समितीच्या किती बैठका झाल्या आणि समितीने किती आदेश रद्द केले? कोणाचेही नाव किंवा क्रमांक नको.’ शेवटचे वाक्य गाळू नका. अधिकाऱ्याची सुरक्षेची सबब त्याने लंगडी पडते. कालावधी सहा महिन्यांचाच का? नियमांनुसार हे अभिलेख गरज नसल्यास दर सहा महिन्यांनी नष्ट केले जातात. जुने मागाल, तर ‘उपलब्ध नाही’ हेच हाती येईल. मला ही तरतूद खटकते: गोपनीयतेसाठी संभाषण पुसावे हे ठीक, पण नुसत्या संख्येने कोणाचे काय बिघडते?

उत्तराची मुदत ३० दिवस. नकार आला, तर ३० दिवसांत पहिले अपील करा. महाराष्ट्रात ते ‘जोडपत्र ब’ मध्ये, २० रुपयांच्या स्टॅम्पसह, केंद्रात फुकट. अपिलात कलम १० चा आधार घ्या: गोपनीय भाग वगळून उरलेली माहिती द्यावी, असे ते सांगते. तिथेही जमले नाही, तर ९० दिवसांच्या आत माहिती आयोगाकडे दुसरे अपील. अर्जाची पोच, नकाराचे पत्र आणि पहिल्या अपिलाची प्रत तोवर जपून ठेवा.