टार्गेटच्या आधीचं भांडण

परळ-लालबागला गिरण्यांच्या कितीतरी जागांवर आज काचेची ऑफिसं उभी आहेत आणि त्यांत ‘वेलनेस’चे कार्यक्रम होतात. कामानं माणसाचं काय होतं, हा प्रश्न मात्र या भागाला जुनाच.

१८८४ मध्ये कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि पाच हजारांवर सह्यांचं निवेदन तयार केलं. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार, कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत मजुरी, अशी मागणी. रविवारची सुट्टी मिळायला १८९० उजाडलं. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस मावळला तरी काम थांबेना. १९११ च्या कायद्यानं पुरुषांनाही बारा तासांची मर्यादा घातली.

इथवर भांडण घड्याळाशी होतं. १९२८ चा गिरणी कामगारांचा जवळपास सहा महिन्यांचा संप वेगळा. कार्यक्षमतेच्या नावाखाली मालकांनी दोन माग चालवणाऱ्या विणकराला तीन चालवायला सांगितले, सूत कातणाऱ्यांना यंत्राच्या एकीऐवजी दोन बाजू सांभाळायला लावल्या. दिवस तेवढाच, त्यात काम जास्त, शिवाय नोकऱ्या जाण्याची धास्ती. आजच्या टार्गेटची पाळंमुळं मला इथे दिसतात. याच संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी आणखी एक गोष्ट पुढे आणली. जास्त पगाराच्या विणकाम खात्यात अस्पृश्य कामगारांना घेत नसत, कारण तिथे धागा तोंडानं ओढावा लागे आणि सवर्ण कामगारांना विटाळ वाटे. वरच्या कामाची उमेद धरायची तर वाट सोबतच्या कामगारांनीच अडवलेली. संपाच्या इतिहासात हे पान अनेकदा भरभर उलटलं जातं.

टार्गेटनं माणसाचं काय होतं, यावरचं संशोधन नंतर आलं. ठरावीक आणि अवघड ध्येय दिलं की काम वाढतं, असं मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये मांडलं. व्यवस्थापनानं ते लगेच उचललं तर नवल नाही. १९७९ मध्ये कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी दुसरी बाजू दाखवली: कामाचा रेटा मोठा आणि ते कसं करायचं हे ठरवण्याची मुभा कमी, तिथे ताण सर्वाधिक. स्वतःला पटलेलं ध्येय गाठलं तर समाधान मिळतं, लादलेलं गाठून तितकं मिळत नाही, हे १९९९ च्या सुमारास शेल्डन आणि एलियट या मानसशास्त्रज्ञांच्या अभ्यासात आलं.

कायद्याची गाडी अजून बरीचशी लोखंड्यांच्या रुळावर आहे. १९४८ च्या कारखाना कायद्यानं आठवड्याचे ४८ तास ठरवले. ऑफिसांसाठीचा महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदाही मुख्यतः तास, सुट्ट्या आणि सोयी पाहतो. टार्गेट किती असावं आणि ते कोणी ठरवावं, हे आजही साहेबाच्या केबिनमध्येच ठरतं.