चॅप्टर २ (लीजन)

'चॅप्टर २' हा 'लीजन' या अमेरिकन टीव्ही मालिकेच्या पहिल्या सीझनचा दुसरा एपिसोड. एफएक्स चॅनेलवर तो १५ फेब्रुवारी २०१७ ला लागला, म्हणजे पहिल्या भागानंतर बरोबर एक आठवड्याने. मालिका नोआ हॉलीची, या भागाचं लेखनही त्याचंच, दिग्दर्शन मात्र मायकल अपेंडालचं. पहिला भाग हॉलीने स्वतः डायरेक्ट केला होता. मालिकेतल्या कुठल्याच एपिसोडला वेगळं असं नाव नाही, सगळे नुसते चॅप्टर, एकपासून सत्तावीसपर्यंत, तीन सीझनमध्ये मिळून (८, ११ आणि ८), आणि २०१९ मध्ये मालिका संपली.

मूळ पात्र मार्व्हल कॉमिक्समधलं. क्रिस क्लेअरमॉन्ट आणि बिल सिन्केविच या जोडीने १९८५ मध्ये 'न्यू म्युटंट्स' या कॉमिकमध्ये डेव्हिड हॅलर ऊर्फ लीजन आणला, एक्स-मेनवाल्या प्रोफेसर झेव्हियरचा मुलगा. पण मालिका बघायला कॉमिक वाचलेलं असायची अजिबात गरज नाही. सुपरहिरो म्हटलं की आपल्याला जे आठवतं, केप, मास्क, शहर वाचवणं, त्यातलं इथे काहीच नाही. डेव्हिडला लहानपणापासून आवाज ऐकू येतात, डॉक्टरांनी स्किझोफ्रेनिया सांगितलाय, तो क्लॉकवर्क्स नावाच्या मनोरुग्णालयात पाच-सहा वर्षं गोळ्या घेत काढतो, आणि मग कोणीतरी त्याला सांगतं की तू आजारी नाहीसच, तुझ्यात शक्ती आहे. दुसरा एपिसोड सगळा या एका वाक्याभोवती फिरतो.

आधी काय झालं ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल. क्लॉकवर्क्समध्ये डेव्हिडला सिड बॅरेट भेटते (नाव पिंक फ्लॉइडच्या संस्थापकावरून ठेवलंय). तिला कोणी हात लावलेला चालत नाही, कारण कातडीला कातडी लागली की दोघांची मनं एकमेकांच्या शरीरात जातात. ती डिस्चार्ज होऊन निघते तेव्हा डेव्हिड तिला किस करतो आणि नेमकं तेच होतं, तो तिच्या शरीरात आणि ती त्याच्या, आणि त्याची ताकद तिला आवरत नाही, खोल्यांचे दरवाजे गायब होतात आणि डेव्हिडची मैत्रीण लेनी भिंतीत अर्धी गाडली जाऊन मरते. पुढे डिव्हिजन ३ नावाची सरकारी यंत्रणा डेव्हिडला पकडते आणि अशा शक्ती असलेल्यांना आसरा देणाऱ्या मेलनी बर्डची माणसं त्याला सोडवून आणतात. पहिला भाग तिथे संपतो, धावपळीत, आगीत, गोळीबारात.

आणि दुसरा एपिसोड एकदम शांत होतो. मला हा या भागाचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. समरलँड ही मेलनीची जागा, झाडीत लपलेली, लाकूड आणि काच, साठच्या दशकातल्यासारखे कपडे, पण मशिनं आजची, त्यामुळे काळ कुठला ते धड कळतच नाही. इथे डेव्हिडला पहिल्यांदा सगळ्यांचे विचार एकदम ऐकू यायला लागतात, गर्दीच्या लोकल डब्यात उभं राहिल्यावर जसा नुसता कलकलाट कानात शिरतो तसं, आणि तो डोकं धरून बसतो. मेलनी त्याला गोळी देत नाही की इंजेक्शन देत नाही. ती त्याला डोळे मिटायला लावते आणि त्या गोंगाटातला एकच आवाज पकडायला सांगते, त्याचं नाव घेणारा, आणि मग मनात एक मोठं बटण बघ म्हणते, रेडिओच्या व्हॉल्यूमचं असतं तसलं, आणि ते हळूहळू फिरव. तो फिरवतो. आवाज कमी होतो. बस, एवढाच सीन, ना स्फोट ना मारामारी, पण आयुष्यभर ज्या गोष्टीला आजार म्हणून घाबरत आलो ती आपल्या हाताने कमी करता येते हे त्या माणसाला पहिल्यांदा कळतं आणि डेव्हिड झालेल्या डॅन स्टीव्हन्सच्या चेहऱ्यावर ते असं काही दिसतं की संवादाची गरज पडत नाही.

मग सुरू होतं मेमरी वर्क. टॉनमी वॉलेस (जेरेमी हॅरिस) हा स्वतः काहीही न विसरणारा माणूस, तो दुसऱ्याच्या आठवणीत शिरू शकतो आणि बरोबर इतरांनाही नेऊ शकतो. कल्पना अशी की डेव्हिडने आपल्या जुन्या आठवणी पुन्हा बघायच्या आणि कुठे आजार समजला गेला आणि कुठे खरं तर शक्ती होती हे शोधायचं. डेव्हिड, टॉनमी आणि मेलनी डेव्हिडच्या बालपणात उभे राहतात. वडील खगोलशास्त्रज्ञ, रात्री मुलाला गोष्ट वाचून दाखवणारे, पण त्यांचा चेहरा काही केल्या दिसत नाही, आणि ते वाचतायत ते पुस्तक जगातल्या सगळ्यात रागीट मुलाचं, जो आपल्या आईचाच जीव घेतो. लहान मुलाला झोपवायला असलं पुस्तक कोण वाचतं! बघताना अंगावर काटा येतो.

दुसऱ्या आठवणी मोठेपणीच्या. डॉक्टर पूल या थेरपिस्टसमोर खुर्चीत बसलेला डेव्हिड आणि लेनीबरोबर नशा करणारा डेव्हिड, बेडकाच्या आकाराच्या एका यंत्रातून निळा धूर ओढत. लेनीचं काम ऑब्री प्लाझाने केलंय. ही भूमिका मुळात पुरुषासाठी लिहिली होती, तिने घेतली तेव्हा संवाद बदलू नका असं तिनेच सांगितलं, आणि म्हणूनच लेनीच्या बोलण्यात तो बिनधास्तपणा राहिला असावा. लेनी तर मेलेली आहे, तरी ती आठवणींत इतकी जिवंत वाटते की आपण नुसती आठवण बघतोय की आणखी काही, अशी शंका यायला लागते.

आणि इथेच एपिसोड खरा पेच टाकतो. किचनमधल्या वस्तू आपोआप उडाल्याची डेव्हिडची एक आठवण आहे, तिथे टॉनमी पोचतो आणि ती आठवण मध्येच तुटते, उडी मारून पुढे जाते. टॉनमी चक्रावतो. त्याने असं कधी पाहिलेलं नाही, आठवण म्हणजे आठवण, ती अशी लपून बसत नाही. म्हणजे डेव्हिडच्या डोक्यात कोणीतरी काहीतरी झाकतंय. मेलनीचं म्हणणं आहे की तू वेडा नाहीस, आणि आपल्यालाही ते खरं व्हावंसं मनापासून वाटतं, पण दिग्दर्शक आपल्याला शेवटपर्यंत खात्री देत नाही. मानसिक आजाराला नुसतं 'सुपरपॉवर' म्हणून मोकळं व्हायचं सोपं होतं, तसं इथे केलेलं नाही याबद्दल मला या मालिकेचा फार आदर वाटतो. डेव्हिडला अधूनमधून पिवळ्या डोळ्यांचा एक जाडा सैतान दिसतो, त्याचं खरं नाव, अमाल फारूक म्हणजे शॅडो किंग, पुढे सीझनमध्ये कळतं.

कॅरी लाउडरमिल्क (बिल अर्विन) हा समरलँडचा शास्त्रज्ञ. तो डेव्हिडला एमआरआयसारख्या मशिनमध्ये झोपवून मेंदू तपासतो. मशिनच्या बोगद्यात पडलेल्या डेव्हिडला दिसते त्याची बहीण एमी (केटी ॲसेल्टन). ती क्लॉकवर्क्सला जाऊन भावाची चौकशी करत असते आणि तिथले लोक म्हणतात या नावाचा पेशंट आमच्याकडे कधी नव्हताच. इतकी वर्षं ज्या भावाला भेटायला जात होतो तो रेकॉर्डमधूनच पुसला गेलेला. आणि तिच्या मागे येऊन उभा राहतो डिव्हिजन ३ चा माणूस, 'द आय' (मॅकेंझी ग्रे). त्याच वेळी डेव्हिडला मशिनच्या तोंडाशी तो पिवळ्या डोळ्यांचा सैतान दिसतो, तो घाबरतो, आणि ते अख्खं अवजड मशीन खोलीतून नाहीसं होऊन बाहेर जाऊन पडतं. कॅरी रिकाम्या जागेकडे बघत राहतो.

संगीत जेफ रुसोचं. पिंक फ्लॉइडचा १९७३ चा 'डार्क साइड ऑफ द मून' हा अल्बम त्याच्या आणि हॉलीच्या डोक्यात होता, त्यामुळे सिंथेसायझरची ती घुमणारी धून प्रसंगाखाली वाजत राहते आणि खरं-खोटं यातली रेषा कानानेही पुसट होते. हेडफोन लावून बघावा असा एपिसोड.

बहीण पकडली गेली म्हटल्यावर डेव्हिड रात्रीच निघायला बघतो. सिड त्याला अडवते. तिचं म्हणणं साधं आहे, त्यांना तू यावंस हेच हवंय, ते तिला मारणार नाहीत कारण ती तुझ्यासाठी लावलेलं आमिष आहे, तू अजून काहीच शिकलेला नाहीस, आधी शीक, मग आपण दोघं जाऊ. सिडचं काम करणारी रेचल केलर आणि मेलनी झालेली जीन स्मार्ट दोघीही हॉलीच्या 'फार्गो' च्या दुसऱ्या सीझनमध्ये होत्या. हातमोजे घातलेली ही मुलगी ज्याच्यावर प्रेम करते त्याला धरून थांबवू शकत नाही, तिला त्याला फक्त बोलूनच थांबवावं लागतं. तो थांबतो. तिकडे एमी एका अंधाऱ्या खोलीत खुर्चीत बसलेली आणि समोर द आय, त्याच्या सवयीप्रमाणे शांत. डेव्हिड तिला सोडवतो ते पाचव्या भागात.