एमव्हीपी, म्हणजे सॉफ्टवेअरची आधी सोडलेली साधी आवृत्ती

सगळं सॉफ्टवेअर पूर्ण व्हायची वाट न बघता त्यातलं एक मुख्य काम नीट व्हायला लागलं की ते वापरणाऱ्याच्या हातात द्यायचं आणि पुढचं त्याच्या वापरावरून ठरवायचं, याला डेव्हलपर मंडळी एमव्हीपी (मिनिमम व्हायेबल प्रॉडक्ट) काढणं म्हणतात. हे नाव फ्रँक रॉबिन्सन यांनी २००१ मध्ये दिलं आणि ‘द लीन स्टार्टअप’ या पुस्तकाचे लेखक एरिक रीस यांच्यामुळे ते स्टार्टअपवाल्यांच्या तोंडी बसलं, पद्धत मात्र त्याच्या आधीपासून चालत आलेली.

लिनस टोरवाल्ड्सनं सप्टेंबर १९९१ मध्ये लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची ०.०१ आवृत्ती सोडली तेव्हा तिच्या कोडचं चालणारं सॉफ्टवेअर करायलाही मिनिक्स ही दुसरी सिस्टिम लागायची, तरी लोकांनी ती घेतली, दुरुस्त्या पाठवल्या, आणि मार्च १९९४ ला १.० आली. त्याच्या आधी, १९९० ला सुरू झालेल्या ग्नू हर्डचं, म्हणजे अशाच दुसऱ्या सिस्टिमच्या गाभ्याचं, डिझाइन कागदावर जास्त भारी होतं, पण त्याची १.० अजून यायचीच आहे. परफेक्शनच्या नादाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे ड्यूक न्यूकेम फॉरएव्हर हा गेम, घोषणा १९९७ ची, मध्येच इंजिन बदललं, बाजारात आला २०११ ला, आणि एवढं थांबून लोकांनी नावंच ठेवली.

आता आपल्या सांगलीचं बघू. समजा मार्केट यार्डातल्या एखाद्या हळदीच्या अडत दुकानासाठी पट्टीचं, म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या कागदाचं, सॉफ्टवेअर करायचंय. डेव्हलपरच्या डोक्यात डॅशबोर्ड, दराचे ग्राफ, व्हॉट्सॲपवर मेसेज, शेतकऱ्याचं वेगळं लॉगिन असं बरंच काही असतं आणि ते सगळं करत बसलं तर राजापुरी हळदीची आवक येऊन ओसरते, हंगाम गेला की खरा वापर बघायला थेट पुढचं वर्ष. म्हणून पहिल्या आवृत्तीत फक्त वजन, बारदान (पोत्याचं वजन) वजा, दर, हमाली, तोलाई आणि शेवटी हातात पडणारी रक्कम, बास. १२ क्विंटल ४० किलो निव्वळ वजन, दर क्विंटलला १४,५०० रुपये, म्हणजे १,७९,८०० रुपये, त्यातून खर्च वजा, प्रिंट. हे दुकानाचा हिशोब बघणाऱ्या दिवाणजींच्या टेबलावर गेलं की पहिल्याच दिवशी ते विचारणार, "अहो, पण उचल कुठं टाकायची?" शेतकऱ्यानं आधीच नेलेली उचल पट्टीतून वळती करायची असते, हे ऑफिसात बसून कुणाला सुचत नाही आणि ग्राफ तर दिवाणजी विचारतसुद्धा नाहीत. लवकर सोडण्याचा खरा फायदा हाच, काय करायचं राहिलंय हे कळतं आणि काय करायची गरजच नाही हेही कळतं.

पण "नंतर फिक्स करू" म्हणून काहीही गळ्यात मारणं म्हणजे एमव्हीपी नव्हे, आणि आपल्याकडं बऱ्याचदा नेमकं तेच चालतं. कमी करायची ती फीचर्स, हिशोबाचा बरोबरपणा नाही. वरच्या पट्टीत ग्राफ नसला तर कुणाचं अडत नाही, बेरीज चुकली तर शेतकरी दुसऱ्या दुकानात माल लावतो. नुसती बीटाची, म्हणजे ‘अजून चाचणी चालू आहे’ अशी पाटी लावून भागत नाही, जीमेलवर ती २००४ पासून २००९ पर्यंत होती, पण लोकांचे मेल व्यवस्थित जात होते म्हणून कुणी फिकीर केली नाही.

जिथं चूक परत फिरवता येत नाही तिथं ही पद्धत जशीच्या तशी चालत नाही. थेरॅक-२५ या रेडिएशन मशीनच्या सॉफ्टवेअरमधल्या चुकांमुळे १९८५ ते १९८७ या काळात सहा पेशंटना प्रमाणाबाहेर डोस गेला, काही दगावले. पुराची माहिती देणारं ॲपही याच जातीचं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, तेव्हा पहिल्या आवृत्तीत नकाशे, अंदाज, गल्लीवार सूचना काही नसलं तरी चालेल, पण आकड्याशेजारी तो किती वाजता घेतला ते हवंच, नाहीतर सकाळचे ३८ फूट बघून माणूस निवांत राहतो आणि संध्याकाळी पाणी ४१ वर असतं.