स्काउस

स्काउस ही इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरील लिव्हरपूल शहरात आणि मर्सी नदीच्या मुखाभोवतीच्या वस्त्यांत बोलली जाणारी इंग्रजीची नागरी बोली आहे. व्याकरण आणि शब्दसंग्रह यांपेक्षा उच्चार व हेल हीच तिची खरी ओळख असून, लंडनची कॉकनी, न्यूकासलची जॉर्डी आणि बर्मिंगहॅमची ब्रमी यांच्याबरोबर ब्रिटनमध्ये चटकन ओळखू येणाऱ्या बोलींत तिची गणना होते. हे नाव ‘लॉबस्काउस’ या खलाशांच्या खाद्यपदार्थावरून आले. मांस, भाज्या आणि जहाजावरची कडक बिस्किटे एकत्र शिजवून केलेला हा पदार्थ उत्तर युरोपच्या बंदरांत परिचित होता. लिव्हरपूलच्या गरीब घरांत तो बिनमांसाचाही होत असे आणि त्याला ‘ब्लाइंड स्काउस’ म्हणत. पदार्थाचे नाव आधी तो खाणाऱ्या माणसांना आणि पुढे बऱ्याच उशिरा, बहुधा विसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, त्यांच्या बोलीला चिकटले.

बोलीचे सर्वांत ठळक लक्षण म्हणजे स्पर्श व्यंजनांचे शिथिलीकरण. ‘क’ उच्चारताना जिभेचा मागचा भाग टाळूला पुरता टेकत नाही, मध्ये फट राहते आणि तीतून हवा घासून बाहेर पडते. त्यामुळे ‘बॅक’ हा शब्द ‘बॅख़’ असा, उर्दू ‘ख़बर’मधल्या नुक्त्याच्या ‘ख़’सारखा ऐकू येतो. ‘वीक’सारख्या शब्दात, म्हणजे पुढील स्वरानंतर, हे घर्षण टाळूच्या पुढच्या भागाकडे सरकते, तर मागील स्वरानंतर ते पडजिभेपर्यंत जाऊ शकते. शब्दाच्या शेवटचा ‘ट’ ‘स’च्या जवळ जातो आणि ‘दॅट’, ‘व्हॉट’ यांसारख्या नेहमीच्या छोट्या शब्दांत त्याचा नुसता ‘ह’ उरतो. दोन स्वरांमध्ये सापडलेला ‘ट’ काही शब्दांत ‘र’ होतो, जसे ‘गॉट अ’चे ‘गॉरा’. ‘फेअर’ आणि ‘फर’ या शब्दांच्या स्वरांतील भेद या बोलीत मिटलेला असून दोन्ही बहुधा एकाच पुढील दीर्घ स्वराने उच्चारले जातात. समोर अनेकजण असतील तर ‘यू’ऐवजी ‘यूज’ म्हणतात. साध्या विधानाच्या शेवटी सूर खाली येण्याऐवजी पुष्कळदा वर चढतो, आणि परक्या कानाला आधी जाणवते ती बहुधा हीच चढण.

या लक्षणांचा उगम कोठून झाला, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोलीसर्वेक्षणात अलेक्झांडर जॉन एलिस यांनी लिव्हरपूलला स्वतःची अशी बोलीच नसल्याची नोंद केली. या नोंदीवरून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्काउस अस्तित्वात नव्हती, असा निष्कर्ष अनेकांनी काढला. परंतु एलिस यांची नजर जुन्या ग्रामीण बोलींच्या अवशेषांवर होती, आणि बंदरातील मिश्र बोलणे त्यांच्या दृष्टीने ‘बोली’ या संज्ञेत बसत नसावे, ही शक्यता लक्षात घ्यावी लागते. शहराचा इतिहास अशा मिश्रणाला अनुकूलच होता. १२०७ मध्ये राजा जॉन याच्याकडून सनद मिळालेले हे छोटे गाव १७१५ नंतर गोदीभोवती झपाट्याने वाढले व त्याने लँकाशर, चेशर, उत्तर वेल्स, स्कॉटलंड आणि आयर्लंड येथील माणसे ओढून घेतली. आयर्लंडमधील दुष्काळात, १८४७ या एका वर्षात, सुमारे तीन लाख आयरिश लोक या बंदरात उतरले. त्यांतील बरेचजण पुढे अमेरिकेला किंवा इतर शहरांकडे गेले, तरी १८५१ च्या जनगणनेत शहराच्या लोकसंख्येपैकी सुमारे २२ टक्के लोक आयर्लंडमध्ये जन्मलेले आढळले.

या आकड्यामुळे ‘लँकाशरच्या बोलीवर आयरिश कलम म्हणजे स्काउस’ हे समीकरण रूढ झाले. जेराल्ड नोल्स यांनी १९७३ मध्ये लीड्स विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात व्हॉक्सहॉल या गोदीलगतच्या कामगार वस्तीतील आणि एगबर्थ या सुखवस्तू भागातील बोलणे ताडून पाहिले व या समीकरणाला ध्वनिशास्त्रीय आधार दिला; ‘दिस’, ‘दॅट’ यांच्या आरंभी प्रमाण इंग्रजीतील घर्षक ध्वनीऐवजी कानी येणारा स्पर्श ‘द’, ‘यूज’ हे अनेकवचन आणि चढता सूर ही आयरिश देणगी मानण्यास त्यामुळे बळ मिळाले. तथापि चढता सूर उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टला जसा ऐकू येतो तसा डब्लिनला सहसा येत नाही, आणि तो ग्लासगो, न्यूकासल व बर्मिंगहॅम येथेही आढळतो, त्यामुळे एवढ्यावरून थेट वारसा सांगणे अवघड आहे. शिथिलीकरणाबाबत प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. आयरिश इंग्रजीत ‘ट’ शिथिल होतो हे खरे, पण ‘क’ होत नाही. लिव्हरपूलमध्ये मात्र दोन्ही होतात. पॅट्रिक हनीबोन यांनी यावरून असे प्रतिपादन केले, की अनेक बोलींच्या संपर्कातून एकोणिसाव्या शतकात नवी बोली घडत असताना ही प्रवृत्ती लिव्हरपूलमध्येच वाढीस लागली असावी. बाहेरून आणलेल्या सामग्रीची नुसती बेरीज न मानता शहरातील घडणीला महत्त्व देणारे हे मत उपलब्ध पुराव्याशी अधिक जुळते. टोनी क्राउली यांनी आयरिश स्थलांतरावर दिला जाणारा सगळा भर तपासून पाहिला आणि लिव्हरपूलचे वेगळे बोलणे दुष्काळाच्या आधीपासून, कदाचित अठराव्या शतकापासून, असावे असे सुचविले. त्या काळाचा पुरावा मुख्यतः साहित्यिक असल्यामुळे त्यावरून प्रत्यक्ष उच्चार ठरविता येत नाहीत.

आणखी एक उपपत्ती येथे नोंदविणे आवश्यक आहे, कारण ती उगमाइतकीच बाहेरच्यांच्या दृष्टीविषयी सांगते. स्काउस ‘नाकात’ बोलली जाते आणि दाट वस्तीतील मुलांच्या नाकामागील वाढलेल्या गाठींमुळे तिला असा आवाज लाभला, असा समज दीर्घकाळ प्रचलित आहे. डेव्हिड ऍबरक्रॉम्बी यांच्यासारख्या मान्यवर ध्वनिशास्त्रज्ञानेही १९६७ मध्ये तशी शक्यता मांडली होती. नोल्स यांच्या वर्णनात मात्र हा परिणाम जिभेचा मागचा भाग उंचावलेला ठेवण्याच्या व घसा आवळून बोलण्याच्या सवयीतून येतो, म्हणजे ती शिकलेली उच्चारपद्धती ठरते. वस्तीच्या गरिबीचे कारण थेट तेथील माणसांच्या शरीरात शोधणारी ही उपपत्ती आज स्वीकारण्याचे कारण दिसत नाही.

बाहेरच्या लोकांच्या मनातील स्काउसची प्रतिमा एकसारखी राहिलेली नाही. १९६३ नंतर बीटल्सच्या लोकप्रियतेमुळे हा हेल अचानक हवाहवासा झाला. मर्सीपलीकडच्या हेसवॉल येथे सुखवस्तू घरात वाढलेले व महागड्या निवासी शाळेत शिकलेले निवेदक जॉन पील त्या काळात अमेरिकेतील नभोवाणीवर काम करीत होते. लिव्हरपूलच्या परिसरातून आल्याचा तेथे इतका उपयोग झाला, की त्यांच्या बोलण्यात घरी कधी नसलेली लिव्हरपूलची ढब उतरली. पुढे गोदीचा धंदा बसला, बेकारी वाढली आणि १९८१ मध्ये टॉक्स्टेथ भागात दंगली झाल्या. १९८२ मध्ये बेकारीवर आधारलेल्या दूरचित्रवाणी मालिकेतील ‘गिझ्झा जॉब’, म्हणजे ‘मला काम द्या’, ही आर्जवी हाक देशभर पसरली. नव्वदच्या दशकातील विनोदी कार्यक्रमांनी भांडखोर, कुरळ्या केसांच्या, मिशाळ लिव्हरपूलकराचे सोंग उभे केले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डमधील हिल्सबरो मैदानावर झालेल्या चेंगराचेंगरीत लिव्हरपूल संघाच्या ९७ चाहत्यांचा बळी गेला, त्यानंतर एका राष्ट्रीय वृत्तपत्राने चाहत्यांवर चोरीचे व गैरवर्तनाचे खोटे आरोप छापले. २०१६ मध्ये मृत्यूचौकशीच्या पंचांनी चाहत्यांना दोषमुक्त ठरविले, पण मधल्या सत्तावीस वर्षांत लिव्हरपूलचा आवाज ऐकताच संशय घेण्याची सवय अनेकांना जडली होती. हा त्या शहरावर झालेला उघड अन्याय होता.

बोलींविषयीची मते मोजण्याचे पद्धतशीर प्रयत्न ब्रिटनमध्ये हॉवर्ड जाइल्स यांच्या १९७० मधील अभ्यासापासून सुरू झाले, असे सामान्यतः मानले जाते. एकाच वक्त्याने वेगवेगळ्या हेलांत वाचलेला मजकूर शाळकरी मुलांना ऐकविला असता, ‘रिसीव्ह्ड प्रनन्सिएशन’ या प्रतिष्ठित उच्चाराला सर्वांत वरचे स्थान मिळाले व बर्मिंगहॅमचा हेल तळाशी गेला. भारतीय हेलही तळाजवळच होता. बीबीसीच्या सहकार्याने झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पाच हजारांहून अधिक लोकांनी ३४ उच्चारनावांना गुण दिले. तेथेही प्रतिष्ठेच्या बाबतीत बर्मिंगहॅम, आशियाई आणि लिव्हरपूल ही नावे तळाच्या गटात आली. या पाहणीत ध्वनी ऐकविलेला नव्हता, फक्त नावे दिली होती, म्हणजे लोकांनी गुण दिले ते त्या नावाबरोबर मनात येणाऱ्या शहराला, ही गोष्ट निष्कर्ष वाचताना विसरता येत नाही.

नावडणारा गुण ध्वनीतच असतो की ऐकणाऱ्याच्या समजुतीत, हा प्रश्न पीटर ट्रडगिल व जाइल्स यांनी १९७८ मध्ये सोडविण्याचा प्रयत्न केला. ब्रिटिश हेल ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांना ऐकविले, तेव्हा औद्योगिक शहरांचे हेल कुरूप आणि खेड्यांचे गोड, ही ब्रिटनमधील उतरंड टिकली नाही. कारण हा आवाज कोणत्या शहराचा, हेच त्या श्रोत्यांना ठाऊक नव्हते. सौंदर्याचा निवाडा सामाजिक ओळखीतून येतो, या मताला त्यातून भक्कम आधार मिळाला. ख्रिस मॉन्टगोमेरी यांनी उत्तर इंग्लंडमधील विद्यार्थ्यांना कोऱ्या नकाशावर बोलींच्या सीमा आखायला सांगितल्या, तेव्हा स्काउस, जॉर्डी व ब्रमी यांची वर्तुळे वारंवार उमटली. सांस्कृतिक ठळकपणा अंतरावर मात करतो, असे त्यांचे अनुमान आहे.

प्रतिष्ठा कमी असली तरी बोली ओसरत असल्याची चिन्हे दिसत नाहीत. इंग्लंडमधील अनेक प्रादेशिक उच्चार परस्परांजवळ सरकत असताना, लिव्हरपूलच्या तरुणांत शिथिलीकरणाची काही रूपे आधीच्या पिढीपेक्षा वाढल्याचे केव्हिन वॉटसन यांना आढळले. शहराबाहेर वसविलेल्या कर्कबी आणि स्केल्मर्सडेल या वसाहतींत ती लिव्हरपूलहून हलविलेल्या कुटुंबांबरोबर गेली. मर्सीपलीकडील ‘विरल’ नावाच्या द्वीपकल्पावर आणि ईशान्य वेल्सच्या काही भागांतही तिचे उच्चार ऐकू येतात.