संदर्भ एकदाच लिहावा

ठाणे खाडीवर प्रबंध लिहायला घेतलेल्या विद्यार्थ्याच्या टेबलावर फार निरनिराळी सामग्री जमा होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा १८८२ सालचा ठाणे खंड, खारफुटीवरचे शोधनिबंध, महानगरपालिकेचे पर्यावरण अहवाल, २०१५ साली घोषित झालेल्या फ्लेमिंगो अभयारण्याची आणि २०२२ मध्ये त्याला मिळालेल्या रामसर दर्जाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा या मान्यतेची कागदपत्रे, शिवाय १८९३ पासून चालू असलेल्या ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात सापडलेली एखादी जुनी पुस्तिका. या सर्वांचा उल्लेख मजकुरात जागोजागी करायचा असतो आणि शेवटी त्यांची सूची जोडायची असते. हे काम हाताने केले, तर पहिल्या प्रकरणात एक नवा संदर्भ घातला की पुढचे सगळे क्रमांक सरकतात. आणि त्याच प्रबंधातला भाग एखाद्या नियतकालिकाकडे पाठवायचा झाला, तर स्वल्पविरामापासून तिरप्या अक्षरांपर्यंत सगळी सूची नव्याने बसवावी लागते.

यावरचा तोडगा जुना आहे. डोनाल्ड नूथ यांच्या टेक या अक्षरजुळणी प्रणालीवर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लाटेक हे लेख-प्रबंध छापण्याजोगे जुळवणारे साधन उभारले आणि त्याच्या जोडीला १९८५ साली ओरेन पटाश्निक यांनी बिबटेक हा प्रोग्रॅम लिहिला. संदर्भाचा तपशील आणि तो छापण्याची पद्धत या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या, एवढीच त्यामागची कल्पना. तपशील एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये राहतो, तिला सगळे बिब फाइल म्हणतात. लेखकाचे नाव आधी की वर्ष आधी, हे मात्र दुसरीच फाइल ठरवते.

चंद्रशेखर वेंकट रामन आणि के. एस. कृष्णन यांचा नव्या प्रकारच्या दुय्यम प्रारणाविषयीचा निबंध उदाहरणादाखल घेऊ. बिब फाइलमधल्या त्याच्या नोंदीत पहिल्या ओळीवर हा लेख आहे, पुस्तक नव्हे, असे सांगितलेले असते आणि लगेच ‘रामन१९२८’ अशी एक खूण दिलेली असते. त्याखाली लेखक, शीर्षक, नियतकालिक ‘नेचर’, खंड १२१, पृष्ठे ५०१ ते ५०२, वर्ष १९२८ अशा ओळी येतात. प्रबंधात जिथे या निबंधाचा आधार घ्यायचा, तिथे फक्त ती खूण लिहायची. फाइल कंपाइल केली, म्हणजे तिच्यातून छापील पान तयार करायला सांगितले, की लाटेक वापरलेल्या खुणांची यादी एका मदतनीस फाइलमध्ये उतरवून ठेवते, बिबटेक ती यादी वाचून बिब फाइलमधून तेवढ्याच नोंदी उचलते आणि ठरलेल्या शैलीत सूची तयार करते. मग लाटेक आणखी दोनदा चालवले की क्रमांक आपापल्या जागी बसतात. फाइलमध्ये हजार नोंदी असल्या तरी सूचीत फक्त उल्लेखलेल्याच येतात. खूण चुकली, तर त्या जागी ठळक प्रश्नचिन्ह छापले जाते, आणि ते गाइडच्या आधी आपल्या नजरेला पडलेले बरे.

शेकडो खुणा पाठ ठेवणे कोणालाच शक्य नाही. तिथे टेक्स्ट एडिटर, म्हणजे साधा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम, कामी येतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये योग्य एक्स्टेन्शन (जोडप्रोग्रॅम) घातले असेल, तर संदर्भाची आज्ञा टंकून कंस उघडताच बिब फाइलमधील नोंदींची यादी समोर येते. लेखकाच्या आडनावाची दोन-तीन अक्षरे लिहिली की हवी ती नोंद निवडता येते. इमॅक्स या जुन्या एडिटरमध्ये हेच काम कार्स्टन डोमिनिक यांचे रेफटेक कितीतरी आधीपासून करत आले आहे. लाटेक नको असेल, तर मार्कडाउन या साध्या चिन्हांच्या लेखनपद्धतीत चौकटी कंसात ॲटचे चिन्ह आणि खूण लिहून तो मजकूर पॅनडॉक या रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमकडे सोपवता येतो. त्यातून वर्डची फाइलही निघते, जी अनेक मार्गदर्शकांना अजून लागतेच. नोंदी गोळा करायला झोटेरो हा संदर्भ साठवणारा प्रोग्रॅम वापरावा आणि त्यातून बिब फाइल काढून घ्यावी, हा मला सर्वांत कमी त्रासाचा मार्ग वाटतो.

खरी मेहनत पुढे आहे. निबंधाचा डीओआय, म्हणजे त्याची कायमची ओळख सांगणारा क्रमांक दिला की तयार नोंद इंटरनेटवरून मिळते, पण ती तपासल्याशिवाय वापरणे धोक्याचे असते. बिबटेकच्या अनेक शैली इंग्रजी शीर्षकातील पहिले अक्षर सोडून बाकीची लहान करतात, त्यामुळे ठाण्याचे आद्याक्षरही छोटे होते आणि डीएनएचीही तीच गत होते. जे अक्षर मोठेच राहायला हवे, त्याभोवती महिरपी कंस घालावा लागतो. लेखक म्हणून संस्थेचे नाव असेल, तर गोंधळ आणखी वाढतो. बिबटेक प्रत्येक लेखकाला माणूस समजते आणि स्वल्पविराम नसेल तर शेवटचा शब्द आडनाव मानते. त्यामुळे ‘ठाणे महानगरपालिका’ हे नाव तसेच लिहिले, तर आद्याक्षरे देणाऱ्या शैलीत सूचीत ‘महानगरपालिका, ठा.’ नावाचे एक गृहस्थ अवतरतात. दोन लेखकांच्या मध्ये इंग्रजी ‘अँड’ लिहायचे असते. म्हणून एखाद्या मंत्रालयाच्या इंग्रजी नावातच तो शब्द असला, तर एका मंत्रालयाचे दोन लेखक होतात. उपाय एकच: संस्थेचे संपूर्ण नाव आणखी एका महिरपी कंसात बंद करायचे. उलट, नोंद मराठीत असली तरी दोन लेखकांमध्ये ‘आणि’ चालत नाही, तिथे इंग्रजी ‘अँड’च हवा.

देवनागरी नोंदींसाठी मूळ बिबटेक मुळातच अपुरे आहे. ते मजकूर एकेका बाइटने (संगणकाच्या साठवणीच्या छोट्या एककाने) वाचते, तर युनिकोड या प्रत्येक अक्षरचिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीच्या रूढ साठवणीत देवनागरीचे एक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते. आद्याक्षर काढताना त्याचा पहिलाच तुकडा हाती येतो आणि पानावर काहीच धड उमटत नाही. म्हणून मराठी सूची करणाऱ्याने बिबटेकऐवजी लाटेकचे बिबलाटेक हे पॅकेज आणि त्याच्यासोबतचा बायबर हा प्रोग्रॅम घ्यावा. त्यांना युनिकोड कळते, बिब फाइल तीच चालते.

मग उरतो अकारविल्हे क्रमाचा प्रश्न. युनिकोडमध्ये ‘ळ’ला ‘ल’च्या शेजारी जागा दिलेली आहे आणि ‘क्ष’ हा ‘क’, हलंत व ‘ष’ अशा तीन चिन्हांनी बनतो. निव्वळ या क्रमांकांवर यादी लावली, तर क्षीरसागर हे आडनाव कुलकर्णींच्या मागोमाग ‘क’मध्येच येते, म्हात्रे आणि सावंत यांच्या कितीतरी आधी. शाळेत शिकवलेल्या वर्णमालेप्रमाणे ‘ळ’, ‘क्ष’, ‘ज्ञ’ ‘ह’नंतर यावेत असे वाटत असेल, तर बिबलाटेकच्या क्रमवारीच्या पर्यायात मराठीचा संकेत ‘एमआर’ द्यावा. एका ओळीचे काम आहे, आणि सूची मोठी होण्यापूर्वीच ते उरकावे.