रिॲलिटी शॉक आणि बर्नआउट: लक्षणं सारखी दिसतात पण उपाय उलटे आहेत

नर्स म्हणून रजिस्ट्रेशन होऊन तीन महिने झालेली मुलगी ड्युटी संपल्यावर चेंजिंग रूममध्ये बाकड्यावर बसते आणि म्हणते, सिस्टर मला बर्नआउट झालंय. मी विचारते, काय होतंय गं नक्की? तर म्हणते रात्री दोन वाजता दचकून जाग येते, पाच नंबरच्या पेशंटच्या पोटॅशियमच्या ड्रिपचा रेट मी शेवटचा कधी बघितला होता तेच आठवत नाही, मग वॉर्डला फोन करते, नाइटची सिस्टर वैतागते, सकाळी परत यायचं म्हटलं की पोटात गोळा येतो.

त्याच वॉर्डमध्ये आठ वर्षं काढलेली एक स्टाफ आहे. तिला रात्री कसलीच जाग येत नाही. पेशंटच्या नातेवाइकाने काही विचारलं तर चार्टमधून मान वर न करता ‘डॉक्टर आले की विचारा’ एवढंच. तिला कसं चाललंय विचारलं तर म्हणते काही नाही, जरा थकलेय.

माझ्या मते यातली दुसरी बर्नआउटमध्ये आहे आणि पहिली नाही. पहिलीला जे झालंय त्याला रिॲलिटी शॉक म्हणतात. हल्ली बर्नआउट हा शब्द सगळ्यांच्या तोंडात बसलाय म्हणून नवीन मुली तो पटकन लावून मोकळ्या होतात, आणि ज्यांना खरंच झालेलं असतं त्या गप्प बसतात. नुसत्या नावाचा घोळ असता तर मी एवढं टाइप करत बसले नसते, पण एकीचा उपाय दुसरीला दिला तर कधीकधी जास्तच बिघडतं.

गंमत म्हणजे दोन्ही शब्द एकाच वर्षी पुढे आले, 1974 साली. मार्लीन क्रेमर नावाच्या अमेरिकन नर्स-संशोधक होत्या, कॉलेजमधून चांगल्या तयार होऊन आलेल्या नर्सेस थोड्याच काळात नोकरीच काय पेशाच का सोडतात हे त्या शोधत होत्या, त्यांनी त्या धक्क्याला रिॲलिटी शॉक म्हटलं. त्याच वर्षी हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने बर्नआउटवर लेख लिहिला, तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत क्लिनिकमध्ये काम करायचा आणि सुरुवातीला जीव ओतून काम करणारे लोक काही काळाने आतून रिकामे होताना त्याने बघितले होते. म्हणजे बघा, एक जण दारातून आत येताना आपटणाऱ्यांबद्दल लिहीत होती आणि दुसरा आत बराच वेळ राहून संपलेल्यांबद्दल.

आता आधी शॉक, कारण हे वाचणाऱ्या बहुतेकजणी त्यातल्याच असणार.

स्टुडंट असताना तुझ्याकडे एक किंवा दोन पेशंट असतात. त्यांचा केअर प्लॅन तू पानभर लिहितेस, औषध देताना मागे ट्यूटर उभी, चार्टवर तिची सही, चुकलीस तर ती हात धरते. मग परीक्षा, रजिस्ट्रेशन, आणि पुढच्याच महिन्यात तेच हात, तेवढंच ज्ञान, पण आता सही तुझी. पेशंट कितीतरी जास्त. एकाचं इंजेक्शन भरताना दुसऱ्याची सलाईन संपल्याचा अलार्म, तिसऱ्याचा नातेवाईक समोर, लॅबचा फोन, आणि नवीन ॲडमिशन स्ट्रेचरवर दारात. कॉलेजात प्रत्येक गोष्ट नीट कशी करायची ते शिकवलं, सगळं एकदम आल्यावर आत्ता काय थांबवायचं हे कोणी शिकवलं नाही. स्टुडंटला निवड करावीच लागत नाही, कारण तिच्यासाठी निवड आधीच कोणीतरी केलेली असते. नर्सला दिवसभर तेच करायचं असतं, कोणाला पाच मिनिटं थांबवलं तर चालेल आणि कोणाला अजिबात नाही.

क्रेमरबाईंचं म्हणणं नेमकं इथे होतं. कॉलेजात शाबासकी मिळते ती पेशंटकडे पूर्ण माणूस म्हणून बघितल्याची, वॉर्डमध्ये शाबासकी मिळते काम वेळेत उरकल्याची. दोन्हीकडे ‘चांगली नर्स’ हेच शब्द वापरतात आणि अर्थ वेगवेगळा असतो. त्यांनी टप्पेही सांगितले, आधी हनिमून म्हणजे युनिफॉर्म, बॅज, पगार, सगळं छान, मग शॉक, मग सावरणं आणि शेवटी दोन्ही जगांचा काहीतरी मेळ घालणं. हनिमून माझ्या बघण्यात ओरिएंटेशनपुरताच टिकतो, ज्या दिवशी रोस्टरवर नावापुढे एकटीचे पेशंट येतात त्या दिवशी संपला.

नंतर कॅनडातल्या जुडी डचशर यांनी यावर बरंच काम केलं, त्या ट्रान्झिशन शॉक म्हणतात. पहिल्या साधारण वर्षाचे त्यांनी तीन टप्पे सांगितलेत, मी माझ्या भाषेत सांगते. पहिले तीन-चार महिने नुसतं करत राहायचं, डोकं वर काढायला वेळ नाही. मग हात जरा बसतो आणि नेमकी तेव्हाच शंका सुरू होते की मी या कामाची आहे का, हे असंच चालतं का सगळीकडे. आणि वर्ष संपता संपता जरा लांबून बघता येतं. मधला टप्पा फसवा असतो. सहाव्या महिन्यात मुली येऊन सांगतात की आधी बरं होतं आता जास्त वाईट वाटतंय, तर त्या मागे गेलेल्या नसतात, आजूबाजूला बघण्याइतकी उसंत त्यांना पहिल्यांदा मिळालेली असते.

इथे पॅट्रिशिया बेनर यांचं पण सांगायला पाहिजे. त्यांनी नर्सच्या कौशल्याच्या पाच पायऱ्या मांडल्या, नॉव्हिसपासून एक्स्पर्टपर्यंत, 1984 च्या सुमारास, आणि मूळ मॉडेल ड्रायफस बंधूंचं होतं, त्यांनी वैमानिक आणि बुद्धिबळ खेळणारे यांच्यावरून बनवलेलं. त्यात नुकती पास झालेली नर्स दुसऱ्या पायरीवर येते. तिसऱ्या म्हणजे ‘कॉम्पिटंट’ पायरीला यायला एकाच प्रकारच्या कामात दोन-तीन वर्षं जातात असं बेनर म्हणतात. दोन-तीन वर्षं! मग तिसऱ्या महिन्यात ‘मला जमत नाहीये’ असं वाटणाऱ्या मुलीचा अंदाज बरोबरच आहे की, तिला अजून जमत नाहीच, आणि जमायला नको पण. बीपी 100/60 आलं की तिला नॉर्मलची रेंज आठवते, पण या म्हाताऱ्या आजोबांचं रोजचं बीपी 150 च्या घरात असतं आणि म्हणून हे 100 म्हणजे धोक्याची घंटा, हे तिला लगेच दिसत नाही. असे आजोबा दहा-वीस वेळा बघितल्याशिवाय ते दिसायला लागत नाही.

आता बर्नआउट. क्रिस्टिना मास्लॅक आणि सुझन जॅक्सन यांनी 1981 मध्ये ते मोजायची 22 वाक्यांची प्रश्नावली काढली, त्यातले तीन भाग लक्षात ठेवायचे. पहिला, भावनिक थकवा, म्हणजे झोपून उठलं तरी आतली टाकी रिकामीच. दुसरा, माणसाला माणूस न समजणं, पेशंट म्हणजे ‘बारा नंबरचा पाय’. तिसरा, आपल्या कामाचा काही उपयोग नाही असं वाटत राहणं. बर्नआउट म्हणजे रोग नाही, जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये आजारांच्या नव्या वर्गीकरणात त्याला कामाशी जोडलेली अवस्था म्हणूनच नोंदवलंय, नीट न हाताळलेल्या कामाच्या सततच्या ताणातून येणारी.

यातला दुसरा भाग मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण थकवा दोघींनाही असतो, ‘माझा काही उपयोग नाही’ पण दोघी म्हणतात, रडतात दोघी, राजीनाम्याचा विचार दोघींच्या डोक्यात. पण शॉकमधल्या मुलीला पेशंट जरा जास्तच दिसतो, घरी जाताना सोबत येतो, स्वप्नात येतो. बर्नआउटवालीला तो दिसेनासा झालेला असतो, आणि ती वाईट आहे म्हणून नाही, एवढ्या जणांचं दुःख रोज आत घ्यायला जागाच उरली नाही म्हणून दार लावून घेतलेलं असतं.

म्हणून कोणी माझ्याकडे आलं की मी विचारते, तुला भीती कसली वाटते? शॉकवालीचं उत्तर नेमकं असतं. क्रॅश कार्ट म्हणजे पेशंट अचानक कोसळला की लागणाऱ्या औषधांची-साधनांची ट्रॉली, ती उघडायची वेळ आली तर, रात्री डॉक्टरला फोन करायचा आणि ते ओरडले तर, दोन औषधांच्या ड्रिप एकत्र चालतात का ते माहीत नसेल तर. बर्नआउटवालीला भीती नसते, कंटाळा असतो, नाहीतर राग, आणि तो कशाचा ते सांगता येत नाही. मग विचारते शेवटची चांगली शिफ्ट कधी झाली. नवीन मुलगी लगेच सांगते, मंगळवारी पहिल्या झटक्यात आयव्ही (शिरेतली सुई) लागली, चेहरा उजळतो. दुसरी आठवत बसते. आणि सुट्टीचं विचारते. बर्नआउटवाली सुरुवातीच्या काळात सुट्टीत थोडी तरी बरी होते, पुढे पुढे तेही होत नाही. शॉकवालीची सुट्टी मात्र उद्याच्या ड्युटीचा विचार करण्यात जाते.

उपाय उलटे म्हटलं ते यासाठी. एका नवीन मुलीची फार दया आली म्हणून मी इन्चार्जना सांगून तिला दोन आठवडे रजा मिळवून दिली होती, मनापासून, आणि ती परत आली ती आधीपेक्षा घाबरलेली, कारण जेवढा हात बसला होता तोही सुटला. तिला सराव हवा होता आणि बाजूला कोणीतरी, मी तिला नेमकं त्याच्यापासून लांब पाठवलं. ही चूक माझीच. अशा मुलीला शक्यतो एकाच वॉर्डमध्ये राहू द्यावं, रोज नवीन ठिकाणी फिरवू नये, प्रिसेप्टर म्हणजे तिला सोबत घेऊन शिकवणारी सिनिअर रोज बदलू नये. फोनची भीती असेल तर फोनच शिकवावा, एसबीएआर म्हणजे आधी आत्ता काय झालंय, मग मागचं थोडक्यात, मग मला काय वाटतंय आणि शेवटी मला तुमच्याकडून काय हवंय, हे कागदावर लिहून मगच डायल करायचं. ही पद्धत मुळात अमेरिकन नौदलाच्या पाणबुड्यांवरून आली म्हणतात, तर तिथे चालते म्हणजे रात्री तीनला झोपेतून उठवलेल्या डॉक्टरसमोर पण चालेल. शिफ्टचा एक कागद करायचा, पेशंटप्रमाणे रकाने, तासाप्रमाणे कामं, झालं की टिक. आणि ड्युटी संपली की दहा मिनिटं कोणीतरी तिला विचारायचं की आज काय अडलं, आणि ऐकायचं, भाषण द्यायचं नाही.

आता हेच सगळं आठ वर्षंवालीला देऊन बघा. कम्युनिकेशनचं ट्रेनिंग, ते पण सुट्टीच्या दिवशी. मी बघितलंय असं करताना. जिची टाकी रिकामी आहे तिला गाडी कशी चालवायची ते शिकवायचं, तिला येते ना गाडी, तुमच्यापेक्षा चांगली येते. मास्लॅक आणि मायकल लायटर यांनी बर्नआउट कुठून येतो त्याच्या सहा जागा सांगितल्यात, कामाचा बोजा, आपल्या कामावर आपला ताबा, मोबदला आणि कौतुक, सोबतची माणसं, न्याय, आणि मूल्यं. या सहातल्या बहुतेक तिच्या डोक्यात नाहीतच, रोस्टरमध्ये आहेत, कमी पडलेल्या स्टाफमध्ये आहेत, आणि लागोपाठ नाइट कोणाला लागतात आणि कोणाला कधीच नाही यात आहेत. तिला पेशंट कमी करून द्या, रजा खरोखरची द्या, हवा असेल तर विभाग बदलून द्या, तिचं म्हणणं कुठेतरी लागू होताना दिसू द्या. श्वसनाचे व्यायाम नंतर.

अर्थात मधली भिंत काही पक्की नाही. नवीन मुलीला महिनोन्महिने एकटं सोडलं, प्रश्न विचारला की ‘एवढं पण येत नाही?’ ऐकवलं, तर ती प्रश्न विचारणं बंद करते, आणि प्रश्न बंद झाले की इन्चार्जला वाटतं चला, शिकली. अशी मुलगी वर्षाच्या आतच खऱ्या बर्नआउटमध्ये गेलेली मी बघितली आहे. उलटंही होतं, पंधरा वर्षं सर्जिकल वॉर्डमध्ये राज्य केलेली सिस्टर आयसीयूला बदलून जाते आणि तिसऱ्या दिवशी बाथरूममध्ये रडते, बर्नआउट झाला म्हणते, तर तो पण शॉकच, बेनर म्हणतात तसं नवीन ठिकाणी अनुभवी माणूस पण परत खालच्या पायरीवर येतो. आणि तिसरी शक्यता विसरू नका. कामातच काय, बाकी कशातच मन लागत नसेल, सुट्टीत पण नाही, घरच्यांत पण नाही, जगणं नको वाटत असेल, तर ते डिप्रेशन असू शकतं, तिथे माझ्यासारख्या सिनिअरचे प्रश्न पुरत नाहीत, डॉक्टरकडे जायचं, लगेच.

पोटॅशियमवाली मुलगी आता ओव्हर देण्याआधी, म्हणजे पुढच्या शिफ्टकडे पेशंट सोपवण्याआधी, प्रत्येक ड्रिपचा रेट आणि बघितल्याची वेळ कागदावर लिहिते आणि पुढच्या सिस्टरला सोबत नेऊन पंपावर दाखवते. तिची दोन वाजताची जाग बंद झालीय, आता म्हणे साडेपाचला येते, ती अलार्मची. आठ वर्षंवालीला परवा परत विचारलं तर तेच, जरा थकलेय. तिच्या नाइट कमी करायचा अर्ज मी स्वतः लिहून इन्चार्जकडे दिलाय, दुसऱ्यांदा.